बासेल, जून १५२६: कारागीर गेला, ठोकळे घेणेकऱ्याच्या ताब्यात

२३ जून १५२६ ची, आजच्या स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराच्या दप्तरातली एक नोंद आहे आणि तिच्यात कलेबिलेचा काही विषयच नाही. विषय आहे उधारीचा. हान्स ल्युत्सेलबुर्गर नावाचा एक लाकडी ठोकळे कोरणारा माणूस वारलाय, मागे देणं राहिलंय, आणि फ्रान्समधल्या लियाँ शहराचा छापखानेवाला मेल्किओर ट्रेक्सेल त्याने मागे ठेवलेल्या मालावर हक्क सांगतोय, कारण त्या कामात त्याचा पैसा अडकलाय. कोरलेले ठोकळे ट्रेक्सेलकडे गेले. एवढंच.

पण ते ठोकळे म्हणजे हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराच्या 'मृत्यूचा नाच' या मालिकेचे ठोकळे होते, जी आज युरोपच्या छापील चित्रांमधली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात धारदार मालिका मानली जाते. जगभर ती होल्बाइनच्या नावाने ओळखली जाते आणि ते चूक आहे असं मी म्हणत नाही, चित्रं त्यानेच काढली. पण माझं म्हणणं असंय की हे प्रकरण नीट उलगडून पाहिलं तर कोरणारा हा नुसता मजुरीवर राबणारा हात नव्हता हे त्या काळातल्या कागदांवरूनच दिसतं, आणि तो गेल्यावर काय काय थांबलं ते पाहिलं की त्याची किंमत कळते.

आधी चित्रं बघू, कारण ती डोळ्यासमोर नसतील तर पुढचं सगळं कोरडं वाटेल.

बासेलमध्ये डॉमिनिकन मठाच्या स्मशानाच्या भिंतीवर पंधराव्या शतकात रंगवलेली मृत्यूच्या नाचाची मोठी रांग होती, सांगाडे आणि माणसं हातात हात घालून चाललेली, पोपपासून शेतकऱ्यापर्यंत. ती भिंत १८०५ मध्ये पाडली, तुकडे तेवढे संग्रहालयात आहेत. होल्बाइन १५१५ च्या सुमारास आउग्सबुर्गहून बासेलला आला, तेव्हा त्याच्या रोजच्या पाहण्यात ती भिंत असणारच. त्याने काय केलं, तर रांगच मोडली. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जागी बसवलं, त्याच्या त्याच्या कामात गुंतवलं, आणि मृत्यूला तिथे आत पाठवलं. न्यायाधीश श्रीमंताकडून पैसे घ्यायला हात पुढे करतोय आणि मागून मृत्यू त्याच्या हातातली काठी काढून घेतोय. राजा जेवायला बसलाय, वाढणाऱ्यांच्या घोळक्यात मृत्यूच उभा राहून त्याचा पेला भरतोय. ज्योतिषी आकाशाच्या गोलाकडे बघतोय तर मृत्यू त्याच्यासमोर कवटी धरतोय. जोगीण वेदीपुढे गुडघ्यावर बसलीय, पण मान मागे वळलेली, कारण तिच्या पलंगावर एक तरुण वाद्य वाजवत बसलाय, आणि वेदीवरची मेणबत्ती मृत्यू विझवतोय. फेरीवाला पाठीवर मोठी टोपली घेऊन निघालाय, मृत्यू त्याला बाहीला धरून ओढतोय, आणि फेरीवाल्याचा हात पुढच्या रस्त्याकडे, म्हणजे अजून बाजार गाठायचाय हो, असं.

आणि लहान मुलाचं चित्र. पडक्या झोपडीत आई चुलीवर भांडं ठेवून बसलीय, धूर झालाय, आणि मृत्यू एका छोट्या पोराचा हात धरून त्याला दाराबाहेर नेतोय. पोर मागे वळून आईकडे हात करतंय. इथे पाप नाही, लाच नाही, कुणाला धडा शिकवायचा नाहीये. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलंच गेलं नाही.

आता हे सगळं केवढ्या जागेत, तर साधारण साडेसहा सेंटिमीटर उंच आणि पाच सेंटिमीटर रुंद. खेळायच्या पत्त्यापेक्षा लहान! त्यात झोपडी, चूल, धूर, आई, दोन मुलं आणि मृत्यू. आईचा अख्खा चेहरा मसुराच्या दाण्यात मावेल आणि तरी त्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळतं. ड्यूरर या जर्मन चित्रकाराच्या १४९८ च्या 'अपोकॅलिप्स' मालिकेचे वुडकट, म्हणजे लाकडी ठोकळ्यावरून छापलेली चित्रं, प्रत्येकी जवळजवळ चाळीस सेंटिमीटर उंच आहेत, म्हणजे तिथे कोरणाऱ्याला हात फिरवायला जागा होती. इथे जागाच नाही.

कामाची रीत सांगतो, कारण गोम तिथेच आहे. गुळगुळीत केलेल्या फळीवर चित्रकार शाईने चित्र काढायचा, तेही उलटं, कारण छापल्यावर डावं उजवं होतं. मग ती फळी कोरणाऱ्याकडे. त्याला जर्मनमध्ये फॉर्मश्नायडर म्हणायचे. त्याने करायचं काय, तर शाईची रेघ तशीच उभी ठेवायची आणि तिच्या आजूबाजूचं लाकूड काढून टाकायचं. म्हणजे एक रेघ हवी असेल तर सुरीचे निदान दोन काप, एक डावीकडून तिरका आणि एक उजवीकडून तिरका, आणि मधे धार शिल्लक राहिली पाहिजे. रेघ 'काढायची' नसते, वाचवायची असते. चुकून सुरी घसरली की रेघ गेली, फार तर तिथे भोक पाडून लाकडाची खुंटी ठोकायची आणि पुन्हा कोरायचं. कोरून झालं की ठोकळा खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या उंचीचा असल्यामुळे मजकुरासोबत एकाच फर्म्यात बसवून छापता येतो, आणि म्हणूनच पुस्तकं छापणाऱ्यांना वुडकट परवडायचे. तांब्याच्या पत्र्यावरचं खोदकाम बारीक येतं खरं, पण त्याला वेगळा दाब देणारा वेगळा प्रेस लागतो.

आणि हे उभ्या, म्हणजे झाडाच्या लांबीने कापलेल्या फळीवरचं काम, म्हणजे रेषा लाकडाच्या धाग्याच्या दिशेनेही जातात आणि आडव्याही. नंतर अठराव्या शतकात लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे झाडाची वर्तुळं दिसतात त्या बाजूवर, तांब्यासारख्या टोच्याने कोरायची पद्धत रुळली, तिथे धागा आडवा येत नाही त्यामुळे बारीक काम तुलनेने सोपं. ल्युत्सेलबुर्गरकडे सुरी होती आणि धागा होता.

मी स्वतः काही वर्षं छंद म्हणून ठोकळे कोरतो. सुताराकडून शिवणीचा एक तुकडा घासून आणला होता आणि त्याच मापाचा, साडेसहा बाय पाचचा चौकोन आखून फक्त पोराचा उंचावलेला हात आणि मृत्यूची बोटं एवढंच करून बघितलं. कागदावर दिसतात त्या चार रेघा. तिसऱ्या बोटाशी धागा उलटा होता, सुरीची टोकं नवी होती, भिंगाखाली काम चाललं होतं, उजेड भरपूर, आणि तरी बोटाची बाहेरची रेघ तुसासारखी उडून गेली. दुसरा तुकडा घेतला. त्यात बोटं राहिली पण जाड झाली, सांगाड्याची बोटं न राहता हातमोजा घातल्यासारखी दिसायला लागली. तेव्हा मला कळलं की जाडी हाच सगळा खेळ आहे. रेघ केसभर जाड झाली की मृत्यूची पकड नाहीशी होते, नुसता हात उरतो. ही पकड चित्रात होल्बाइनने आणली असेल, पण ती छापील कागदापर्यंत पोचवली दुसऱ्या माणसाने, त्याच्या मनगटाने.

तर हा माणूस कोण. फार थोडं हाताशी आहे. आउग्सबुर्गकडचा असावा. सम्राट मॅक्सिमिलियनने तिथे स्वतःच्या गौरवासाठी प्रचंड छापील कामं काढली होती, ठोकळे कोरणाऱ्यांची फौजच लागली होती, आणि योस्ट द नेगकर हा तिथला मुख्य कारागीर. त्या कामातल्या काही ठोकळ्यांच्या पाठीवर 'हान्स फ्रँक' असं नाव मिळतं आणि ल्युत्सेलबुर्गरने पुढे एका छापील कागदावर आपलं नाव 'ल्युत्सेलबुर्गर, फॉर्मश्नायडर, ज्याला फ्रँक म्हणतात' असं दिलंय, त्यामुळे दोघं एकच असं बरेच अभ्यासक धरतात. १५१९ च्या जानेवारीत सम्राट वारला आणि ती कामं आटली. १५२२ च्या सुमाराला हा बासेलमध्ये दिसतो.

ते १५२२ सालचं एक वुडकट आहे, जंगलात नागवी माणसं आणि शेतकरी एकमेकांना तुडवतायत असं, चित्र दुसऱ्याचं, पण त्याखाली ल्युत्सेलबुर्गरने स्वतःचं पूर्ण नाव, धंदा आणि साल कोरून टाकलंय. आपल्याकडे पेंटर लोक दुकानाच्या पाटीखाली कोपऱ्यात नाव टाकतात ना, तसं, फक्त इथे पाटीच त्याची आहे. बघा मला काय येतं ते, मला काम द्या, असं तो छापखान्यांना सांगतोय. आणि बासेल म्हणजे छापखान्यांचंच गाव, फ्रोबेनचा प्रेस तिथे, विद्वान इरॅस्मस १५२१ पासून तिथे राहायला, पोपविरुद्ध उठलेल्या लूथरने जर्मनमध्ये आणलेल्या बायबलच्या नव्या कराराची पुनर्मुद्रणं तिथे धडाधड निघतायत. कामाला तोटा नव्हता.

होल्बाइन तेव्हा ऐन पंचविशीत. पुस्तकांची मुखपृष्ठं, मजकुराच्या सुरुवातीची नक्षीची अक्षरं, असलं काम तो आधीपासून छापखान्यांना देत होता, पण ल्युत्सेलबुर्गर यायच्या आधीचे त्याचे ठोकळे बघितले की रेषा फोपशी वाटते, चेहरे सारखे सारखे. नंतरचे बघा. एकदम कुणीतरी चष्मा चढवल्यासारखं. दोघांनी मिळून आधी मृत्यूच्या नाचाची एक वर्णमाला केली, २४ अक्षरं, एकेक अक्षर साधारण दोन रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत आणि प्रत्येक अक्षरामागे एक पूर्ण प्रसंग. वर ज्या कागदाचा उल्लेख केला, जिथे 'ज्याला फ्रँक म्हणतात' असं आलंय, तो याच वर्णमालेचा नमुन्याचा कागद. चित्रकाराचं नाव त्यावर नाही, कोरणाऱ्याचं आहे.

माझ्या मते यातून एक गोष्ट सरळ निघते. होल्बाइनने मोठी मालिका इतक्या लहान मापात आखली याचं कारण समोर हा माणूस होता. चांगला लोहार शेजारी असला की शेतकरी वेगळं अवजार मागतो. होल्बाइन उलटसुलट जाळीच्या छटा फारशा वापरत नाही, बहुतेक ठिकाणी समांतर रेघा, स्वच्छ, श्वास घेता येईल अशा. म्हणजे कोरणाऱ्याला काय झेपेल आणि काय शोभेल हे ओळखून तो काढत होता. नांगरणाऱ्याचं चित्र याचा सगळ्यात चांगला नमुना. म्हातारा शेतकरी नांगरावर वाकलाय, घोड्यांना मृत्यू चाबूक मारत पळवतोय, तासाच्या ओळी लांब गेल्यात, आणि तिकडे टोकाला देवळाच्या मागे सूर्य बुडतोय. किरणं म्हणजे नुसत्या सरळ रेघा, मधे कोरा कागद. त्या कोऱ्या जागेतच सगळा उजेड आहे. आमच्याकडे दिवस मावळताना औत सोडायची वेळ ज्याने बघितलीय त्याला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही, आणि इथे मृत्यू कुणाला छळतोय असंही वाटत नाही, दमलेल्याचं शेवटचं तास पुरं करून द्यायला आल्यासारखा वाटतो.

ही मालिका १५२३ ते १५२६ च्या दरम्यान चालली असं धरतात. याच वेळात जर्मन मुलखात शेतकऱ्यांचा उठाव झाला, १५२५ मध्ये तो चिरडला गेला. बासेलमध्ये धर्मसुधारणेची धामधूम. पोपच्या चित्रात सम्राट त्याच्या पायाशी लवलाय, मृत्यू शेजारी आणि वर भुतं घिरट्या घालतायत, म्हणजे वातावरणाची धग ठोकळ्यात उतरलीच.

मग १५२६. जूनच्या आधी कधीतरी ल्युत्सेलबुर्गर गेला. ऑगस्ट अखेरीस होल्बाइन इंग्लंडकडे निघाला, इरॅस्मसने २९ ऑगस्टला त्याच्यासाठी लिहिलेल्या शिफारशीच्या पत्रात 'इथे कला गारठल्यात' असं म्हटलंय. म्हणजे काही महिन्यांतच कोरणारा गेला, ठोकळे घेणेकऱ्याकडे गेले आणि चित्रकार गाव सोडून निघाला.

पैशाची बाजू लक्षात घ्या. ट्रेक्सेलने आगाऊ रक्कम दिली असणार आणि ती कोरणाऱ्याकडे पोचलेली असणार, म्हणून तर त्याच्या मागे राहिलेल्या मालावर हक्क लागला. म्हणजे हा धंदा चित्रकार आणि प्रकाशक असा दोघांपुरता नव्हता. ठोकळे कोरणाऱ्याच्या घरी होते, हिशोब कोरणाऱ्याच्या नावावर होता. नुसत्या रोजंदारीवरच्या माणसाकडे हे असं नसतं. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि चित्रकलेच्या पुस्तकांत ते एका ओळीत उरकतात.

ठोकळे ताब्यात आले, तरी पुस्तक लगेच निघालं नाही. बारा वर्षं गेली. का? धर्माचा मामला गरम होता, पोपच्या डोक्यावर भुतं दाखवणारं पुस्तक कॅथलिक लियाँमध्ये काढणं सोपं नव्हतं, हे एक कारण सांगतात. पण दुसरं कारण मला जास्त पटतं, मालिका अर्धवट होती. काही चित्रं फळीवर काढून तयार होती आणि ती कोरायला कुणी नव्हतं.

हे मी मनाने म्हणत नाहीये, पुस्तकातच आहे. १५३८ मध्ये मेल्किओर आणि गास्पार या ट्रेक्सेल बंधूंनी लियाँमध्ये पुस्तक काढलं, ४१ चित्रं, प्रत्येक चित्रावर बायबलचं लॅटिन वचन आणि खाली जिल कोरोझे या कवीच्या चार फ्रेंच ओळी. सुरुवातीला एका मठाच्या प्रमुख बाईंना उद्देशून अर्पणपत्रिका आहे, ती झाँ द वोझेलने लिहिली असं मानतात. त्यात लेखक हळहळतो की ज्याने आपल्यासाठी इतक्या देखण्या आकृती घडवल्या त्यालाच मृत्यूने नेलं, आणि त्याच्या मागे काही चित्रं अपुरी राहिली, त्यात उलटलेल्या गाडीखाली सापडलेल्या गाडीवानाचंही, आणि जसं इंद्रधनुष्याला कुणी हात लावू शकत नाही तसं त्यांवर शेवटचा हात फिरवायचं धाडस कुणी केलं नाही.

आता होल्बाइन १५३८ मध्ये जिवंत होता, लंडनमध्ये, हेन्री आठव्याच्या दरबारात. तो १५४३ मध्ये गेला. मग मेलेला माणूस कोण? म्हणून बहुतेक जाणकार इथे ल्युत्सेलबुर्गर वाचतात, आणि मीही तेच वाचतो. काही जण म्हणतात की होल्बाइनचं नाव मुद्दाम लपवायचं होतं, प्रोटेस्टंट गावाशी जोडलेलं नाव नको म्हणून. असेलही. पण मग 'अपुरी राहिली' आणि 'कुणी हात लावला नाही' हे चित्रकाराला लागू पडत नाही. चित्र काढलेलं होतं. अडलं होतं ते कोरण्यावर. बारा वर्षं अख्ख्या लियाँसारख्या छापखान्यांनी भरलेल्या शहरात त्या फळ्यांना सुरी लावायला माणूस मिळाला नाही, किंवा लावू दिली नाही, यापेक्षा मोठा दाखला काय हवा.

पुढे शेवटी कुणीतरी हात लावलाच. लियाँच्याच फ्रेलाँ बंधूंकडे पुस्तक गेलं आणि १५४७ पर्यंत बारा चित्रांची भर पडली, त्यात तो गाडीवानही आला, गाडी आडवी, एक सांगाडा चाक उचलून चाललाय, दुसरा पिंपाची बांधणी सोडतोय. कल्पना होल्बाइनचीच, जबरदस्त. पण जुनं नांगरणाऱ्याचं पान आणि हे पान शेजारी शेजारी ठेवून बघा. छटेच्या रेघा दाट झाल्यात, एकमेकींना चिकटल्यात, घोड्यांच्या माना जड, उजेड कुठून येतोय ते पटकन लागत नाही. वाईट काम नाही ते, मेहनती माणसाचं काम आहे. फक्त पहिल्या हाताचं नाही.

याच्या विरुद्ध जाणारा मुद्दाही मांडायला हवा. व्हेनिसमध्ये १५४५ मध्ये व्हालग्रिसी या छापखानेवाल्याने या मालिकेची नक्कल छापली, पुढे कलोनमध्ये बिर्कमानने १५५५ मध्ये, आणि त्या नकला दुय्यम हातांच्या असूनही खपल्या, लोकांच्या मनाला भिडल्या. म्हणजे मांडणीतच इतकी ताकद आहे की कोरणारा कसाही असला तरी ती पार मरत नाही. हे मान्य. लहान मुलाचं चित्र वाईट छापलं तरी आई आईच राहते. पण होल्बाइनने पुढे इंग्लंडमध्ये ठोकळ्यांसाठी जे थोडं काम केलं, उदाहरणार्थ कव्हरडेलच्या १५३५ च्या इंग्रजी बायबलचं मुखपान, त्यातली मांडणी त्याचीच असूनही रेषा जाड आणि मुक्या वाटतात, आणि मृत्यूच्या नाचासारखं काही त्याने ठोकळ्यांवर पुन्हा केलं नाही. त्याच्याकडे कल्पना संपल्या नव्हत्या, त्याच वर्षांत तो जगातली उत्तमातली व्यक्तिचित्रं रंगवत होता. जोडीदार नव्हता.

१५३८ च्या त्या पुस्तकात होल्बाइनचं नाव कुठेच छापलेलं नाही, मुखपानावर नाही, आत नाही. पण सरदारणीच्या चित्राशी थांबा. ती पलंगावर अर्धवट उठून बसलीय, एक सांगाडा तिच्या पायाशी सारंगीसारखं वाद्य वाजवतोय, दुसरा पांघरूण ओढतोय. पलंगाच्या पायथ्याकडे भिंग धरा. तिथे लाकडातच दोन अक्षरं उभी ठेवलीत, तांदळाच्या दाण्याएवढी, एच आणि एल.